मेंढ्याची मान

सोलापुरातले सगळे वाघ एकाच बापाचे होते आणि तो बाप कागदाचा होता. तालमीच्या दारावरचा वाघ, बिडीच्या पुड्यावरचा वाघ, नाटकाच्या पडद्यावर देवीच्या पायाशी बसलेला वाघ, सगळ्यांना माणसासारख्या भुवया होत्या. सगळ्यांचा उजवा पुढचा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड होता. हे मला ठाऊक आहे, कारण त्यातले निम्मे लंगडे मीच रंगवलेत.

शुक्रवार पेठेत चनमल्लप्पा पेंटरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, देवांच्या तसबिरी, लग्नाच्या भिंती, काय पडेल ते. आमचं सगळं काम खाक्यावर चाले. जाड कागदावर चित्राची रेघ काढायची आणि त्या रेघेवरनं सुईनं दाट भोकं पाडायची. तो कागद पाटीवर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत जायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांचा वाघ. ठिपके जोडले, रंग भरला, घ्या वाघ. भोकं फाटली की त्याच खाक्यावरून दुसरा खाका, त्याच्यावरून तिसरा. मूळ वाघ मालकांच्या वडिलांनी कुठल्याशा कॅलेंडरवरून उचललेला. कॅलेंडरवाल्यानं कुठून उचलला ते देवाला माहीत. दर खेपेला पाय थोडा आखडत गेला. ह्या सगळ्या वंशावळीत वाघ बघितलेला एक माणूस नव्हता आणि त्याची कुणाला खंतही नव्हती.

मी सिद्धाप्पा, जातीनं धनगर. आमची मेंढरं माळशिरसच्या पलीकडच्या माळावर चरायची. मग पाटाची मोजणी करणारे आले. त्यांनी आमच्या कुरणात लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवल्या आणि वडिलांना सांगितलं, हितं आता ऊस येणार. मेंढरांनी काय खायचं ते सांगितलं नाही. वडिलांनी निम्मा कळप विकला आणि मला सोलापूरला धाडलं. गिरणीत लागायला आलो होतो. गेटासमोर तीन दिवस उभा राहिलो. चौथ्या दिवशी संतापून समोरच्या भिंतीवर कोळशानं मेंढरं काढत बसलो. चनमल्लप्पा रस्त्यानं चालले होते, ते थांबले.

"कोणाकडं शिकलास?"

"कुणाकडंच न्हाय."

"मग शीक," म्हणाले, आणि दुकानात आणून माझ्या हातात पुरचुंडी दिली. सात वर्षं ती माझ्या हातात होती. थुंकलो तर काळं यायचं.

शिकवलं काय, तर बघायचं नाही. लहानपणी मी बघत होतो. मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खूण करायचं काम माझ्याकडं असे, प्रत्येक घराची खूण वेगळी. एकदा खुणेऐवजी एका मेंढीच्या कुशीवर मी पळतं काळवीट काढलं. वडिलांनी मला चऱ्हाटानं बडवलं. मेंढी तशीच बाजारात गेली, अंगावर काळवीट घेऊन. तेव्हा मी नऊ वर्षांचा. त्या माराचं मला काही नाही. पण शुक्रवार पेठेत कुणी मारलंही नाही आणि माझ्यातनं ते काळवीट काढून घेतलं, त्याचा राग मी विसरलेलो नाही.

एकोणीसशे चौतीसच्या सुरुवातीला रुद्रप्पा दुकानात आले. रुद्रप्पा कापडाचे ठोक व्यापारी. एका गिरणीचं मांजरपाट सगळ्या जिल्ह्यात त्यांच्या हातून जाई. ताग्यावर एक रंगीत छापील चित्र चिकटवलेलं असे, त्याला टिकट म्हणत. वाचता येणारं गिऱ्हाईक शंभरात दोन. बाकीचे चित्र बघून माल ओळखत. 'हरण छाप द्या' म्हणत. मुंबईच्या शिळाछापखान्यात ज्या दगडावरनं टिकटं छापत, तो हरणाचा दगड झिजला होता, नवा दगड करायचा तर चित्र नवं पाहिजे. जुनं टिकट आमच्याच दुकानातलं, म्हणून रुद्रप्पा आमच्याकडंच आले.

ते हरण म्हणजे विलायती बिस्किटाच्या डब्यावरचं जनावर. तांबडं, घोड्याएवढं, डोक्यावर फाट्याफाट्यांची शिंगं. डब्यावर त्याच्या मागं बर्फाचा डोंगर होता. तो मालकांनी ढग समजून निळा केलेला.

"मालक," मी म्हणालो, "ह्ये हरण न्हाय."

"मग एनो? गाढव?" राग आला की मालक कानडीत शिरत.

"आपल्याकडं असलं जनावर न्हाय. ह्येच्या डोक्यावर बाभळ उगवलीया. आपल्याकडं काळवीट असतंय. पाठ काळी, पोट पांढरं, शिंगं दोन, पिळाची."

"तुला कोणी विचारलं? गिऱ्हाईकाला ठाऊक आहे ते हरण. खाका काढ."

"खाका चुकीचा हाय."

"खाका माझ्या बापाचा आहे!"

ह्यावर काय बोलणार? बापाचा आहे म्हणून बरोबर. ह्या देशात निम्म्या गोष्टी बापाच्या म्हणून बरोबर आहेत.

आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा फक्त मला आणि मालकांच्या बायकोला, गुरम्माला, ठाऊक होती. मालकांचे डोळे गेले होते. दोन्ही डोळ्यांत सायीसारखा मोतीबिंदू. दुकानात ते पाय मोजून चालत. गिऱ्हाईकाला आवाजावरून ओळखत. ब्रश हातात धरून बसत आणि गिऱ्हाईक गेलं की माझ्याकडं देत. डॉक्टरकडं जायचं नाव काढलं की म्हणत, पेंटरचे डोळे गेले असं पेठेत कळलं तर पाटी कोण देईल?

मी ह्याचा फायदा घेतला. खाका फळीवर तसाच ठेवला आणि कोऱ्या कागदावर काळवीट काढलं. चार दिवस काढत होतो. भरधाव पळणारं काळवीट, खाली वाळकं पिवळं गवत, मागं आपला माळ, त्यावर ना बर्फ ना ढग. सात वर्षांत पहिल्यांदा ठिपके न जोडता रेघ ओढली होती. मला वाटत होतं, मी ह्याच्यासाठीच जन्मलोय.

मालकांनी कागद खिडकीशी धरला. नाकाला लावला.

"खाक्याबरहुकूम?"

"व्हय मालक, बरहुकूम."

मी आंधळ्या माणसाशी खोटं बोललो. तेव्हा त्याची मला लाज वाटली नाही. उलट मनात म्हणालो, चला, सोलापूर जिल्ह्याला एकदाचं हरण बघायला मिळेल. रुद्रप्पा गावी गेले होते. त्यांच्या दिवाणजीनं चित्र उघडून न बघता मुंबईला लावून दिलं. टिकटं छापून आली, ताग्यांवर चिकटली, बाजारोबाजार गेली.

वैशाखात रुद्रप्पा दुकानात आले ते पायातलं न काढता. मागं हमाल, त्याच्या डोक्यावर ताग्यांचा गठ्ठा. तो त्यांनी मालकांच्या पुढ्यात आदळला.

"माढ्यातनं परत. मोहोळातनं परत. बार्शीतनं परत. एक वार कापड खपलं नाही, चनमल्लप्पा! लोक नकली माल म्हणतायत. माझ्या तोंडावर, नकली!"

"का?" मालक म्हणाले. "हरण छापच आहे की."

रुद्रप्पा बोलता बोलता थांबले. त्यांनी मालकांकडं नीट बघितलं. मग एक टिकट काढून त्यांच्या नाकासमोर धरलं.

"काय आहे ह्यात?"

"हरण."

"शिंगांना फाटे किती?"

मालक हसले. आपल्या कामाची परीक्षा घेतली की कारागीर हसतो तसे. "नऊ. डावीकडं पाच, उजवीकडं चार. बिस्किटाच्या डब्यावर पण नऊच."

रुद्रप्पांनी हळूच टिकट उलटं केलं. मागची कोरी बाजू पुढं धरली.

"आणि आता?"

"आता काय? हरणच की."

आतल्या दारात गुरम्मा उभी होती, हाताला ज्वारीचं पीठ. तिनं माझ्याकडं बघितलं. तसं बघणं मला पुन्हा कुणाचं सोसावं लागू नये.

"वा," रुद्रप्पा म्हणाले. "म्हणजे मी आंधळ्याकडनं चित्रं काढून घेतोय. आणि ह्या मेंढक्यानं आंधळ्याचा बाजार मांडलाय."

मालकांना सगळं एकदम कळलं. त्यांनी हात पुढं करून टिकट मागितलं, बोटांनी चाचपलं. छापलेल्या कागदावर बोटांना काय लागणार?

"सिद्धाप्पा, काय काढलंस तू?"

"काळवीट, मालक."

"बेडा, नको म्हटलं होतं ना मी? बेडा!"

मला लाज वाटायला पाहिजे होती. लाज वाटायच्या आधी राग आला, आणि तो राग रुद्रप्पांवर निघाला. भरल्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला कोरा कागद दाखवून हसतो हा! आणि ह्याच्या गिऱ्हाइकांना खरं जनावर नकली वाटतं!

"रुद्रप्पाशेठ," मी म्हणालो, "नकली त्ये जुनं हाय. तुमच्या सगळ्या बाजारानं बिस्किटाच्या डब्याला हरण म्हटलं म्हणून त्ये हरण हुत न्हाय. माढ्याच्या बाजाराला माझी आत्ती येतीया. केराबाई. तिची मेंढरं उन्हाळाभर तिकडच्या रानात बसत्यात. सारा जलम काळविटांच्या शेजारी काढलाय तिनं. तिला दाखवू. ती म्हणाली ह्ये काळवीट हाय, तर ह्येच टिकट ऱ्हाईल आन काम ह्याच दुकानाकडं ऱ्हाईल."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर बिरोबाची आण. जलमभर खाक्याभायेर रेघ वढणार न्हाय. तुमी सांगाल त्ये जनावर काढीन. भुवया लावून काढीन."

बिरोबाची आण धनगर उगाच घेत नाही. रुद्रप्पांनाही ते ठाऊक होतं. त्यात छापून पडलेली हजारो टिकटं खपली तर त्यांनाही हवीच होती. आणि मला बाजारासमोर तोंडघशी पाडायची मजा वेगळी.

"चल," म्हणाले.

बाजारच्या दिवशी रेल्वेनं आम्ही माढ्याला गेलो. रुद्रप्पांचं कापड ज्या दुकानदाराकडं जाई, त्याच्या पालात त्यांनी दोन तागे शेजारी शेजारी मांडले. एकावर बिस्किटाचं हरण, एकावर माझं. मी उन्हात उभा राहून आत्तीची वाट बघत होतो. मनात पक्कं होतं. शहरातले लोक चुकतील, शेतातले चुकतील, पण धनगराची बाई काळवीट ओळखणार नाही? मग सूर्य कुठून उगवतो तेही तिला विचारावं लागेल.

आत्ती आली ती चालता चालता लोकर कातत. हातात चाती फिरतेय, डोक्यावर ओझं, बरोबर दोघी-तिघी.

"अगं बया, सिद्द्या!" ती ओरडली. "काळा पडलायस की रं. शहरात भाकरी मिळती का कोळसा?"

"आत्ती, हिकडं ये. कापड घ्यायचंय न्हवं?"

"तू कवापासनं कापड इकतोस?"

रुद्रप्पा पुढं झाले. "बाई, दोन तागे आहेत. कुठला घेता?"

आत्तीनं विचारसुद्धा केला नाही. बिस्किटाच्या हरणावर बोट ठेवलं. "ह्यो. हरण छाप."

रुद्रप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी माझा तागा पुढं ढकलला. "आन ह्यो?"

"त्यो नकली हाय. समदा बाजार म्हणतोय की."

"आत्ती, नीट बघ तरी! ह्ये फाट्याच्या शिंगाचं जनावर तू कुटं बघितलंस? माळावर? डोंगरात? सपनात?"

"कुटंच न्हाय."

"मग?"

"मग काय? माळावरचं हरण माळावर, कापडावरचं हरण कापडावर. धा वरसं ह्या हरणाच्या पैरणी शिवतीया मी. दगडावर आपटल्या तरी फाटत न्हाईत. तुझं हरण कुणी धुवून बघितलंय?"

बाजार हसला. मला सणकून राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. तिला चित्र नको होतं, तिला टिकणारी पैरण हवी होती. आम्ही तिला वाचायला शिकवलं नाही, हातात एक खोटं चित्र दिलं आणि म्हटलं हे तुझं अक्षर. आता अक्षर बदलून वर तिलाच अडाणी म्हणायला मी माढ्याला आलो होतो.

पण माझी आण तिच्या उत्तरावर होती. मी हट्टाला पेटलो.

"कापड सोड. कापडाचं इचारत न्हाय मी. ह्या चितरातलं जनावर कोण हाय, एवढंच सांग. खरं सांग."

माझा आवाज ऐकून तिची थट्टा थांबली. चाती तिनं शेजारणीच्या हातात दिली. टिकट हातात घेतलं, लांब धरलं, कलतं केलं, उन्हाकडं फिरवलं.

"पाठ काळी," ती म्हणाली. "पोट पांढरं. शिंगं पिळाची..."

मी रुद्रप्पांकडं बघितलं.

"मेंढा हाय ह्यो," आत्ती म्हणाली.

"आत्ती!"

"वरडू नगंस. मान बघ की. मेंढा टकरीला निघाला म्हंजी मान कशी खाली घालतोय? तशी घातलीस तू. काळवीट पळताना नाक वर करतोय. शिंगं पाठीला टेकत्यात. असं शिंगं म्होरं करून पळाला तर पयल्याच झुडपात गुतून मरंल की त्यो! आन डोळा? काळविटाच्या डोळ्याभवती पांढरं कडं असतंय, चुन्याचं बोट फिरिवल्यावानी. कुटं हाय? आन वैशाखात इतका काळा? उनानं विटतोय त्यो. तू काळवीट बघितलंयस न्हवं?"

"बघितलंय की."

"कवा?"

मी उत्तर शोधू लागलो. सात वर्षं? आठ? शेवटचं कधी बघितलं? वडिलांनी कळप विकला त्याच्या आधी. मला दिवस आठवेना.

"ल्हानपणी बघितलंस," आत्ती म्हणाली. "त्ये आता तुला दिसत न्हाय. तुझ्या हातात मेंढराची मान ऱ्हायली नुसती."

शेजारीण म्हणाली, "शिंगं मातर झ्याक काढल्यात हां."

त्या वाक्यानं मला जास्त लागलं.

रुद्रप्पा पोट धरून हसत होते. "म्हणजे दोन्ही नकली! एक बिस्किटाचं, एक मेंढराचं! सिद्धाप्पा, आण लक्षात आहे ना?"

परतीच्या गाडीत मी खिडकीशी जाऊन बसलो. कुणावर म्हणून रागवायचं? रुद्रप्पांवर रागावलो. मोहोळ येईपर्यंत आत्तीवर रागावलो, आपलं माणूस असून भर बाजारात माझी मान कापली म्हणून. सोलापूर दिसायला लागलं तेव्हा फक्त मी उरलो. मालकांच्या खाक्यांना मी सात वर्षं शिव्या दिल्या आणि माझ्या मनगटात मेंढराचा खाका घेऊन हिंडत होतो. मालकांचा निदान कागदावर होता, दिसत तरी होता. जन्मापासून हजार मेंढरं मी मानेला धरून आवरली, लोकर कातरायला पाडली, टकरीतनं सोडवली. ती मान माझ्या हातात शिरली होती. रेघ ओढली की तीच यायची. काळवीट मी कधी काढलंच नव्हतं. आणि ज्याला मी खरं खरं म्हणत आंधळ्या माणसाच्या पोटावर पाय दिला, तेही खोटंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाका काढला. पुरचुंडी आपटली. ठिपके जोडले. नऊ फाटे, डावीकडं पाच, उजवीकडं चार. मागं निळा ढग. दुपारपर्यंत हरण तयार झालं आणि रुद्रप्पांचा माणूस येऊन घेऊन गेला. काम दुकानाकडंच राहिलं, कारण फाट्यांची शिंगं काढणारा दुसरा कुणी पेठेत नव्हता. मालक आंधळे झाल्याची बातमी मात्र एव्हाना पेठभर झाली होती.

"मालक," मी म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ठाऊक होतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"त्या हरणाला तांबडा लागतो. चार दिवस तू काजळी घोटत होतास. काजळीचा वास कळत नाही काय मला? म्हटलं, रंग बदलतोय, बदलू दे. शिंगं पण बदलशील असं नव्हतं वाटलं." त्यांनी माझ्याकडं कान केला. "आत्ती काय म्हणाली ते नीट सांग. रुद्रप्पा सांगायला आला तर नुसता हसतच होता."

मी सगळं सांगितलं. मान सांगितली, डोळ्याचं कडं सांगितलं, झुडपात गुंतून मरणं सांगितलं. चनमल्लप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या त्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मेंढा!" म्हणाले. "गुरम्मा, ऐकलंस? मेंढा काढला यानं!" मग त्यांनी डोळे पुसले. "मी वाघ बघितला नाही रे. डोळे होते तेव्हा पण बघितला नाही. अक्कलकोटला सर्कस आली होती एकदा. पाटी रंगवायची घाई होती, म्हणून गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. उद्या सर्कस गेली."

मी खाका गुंडाळून फळीवर ठेवला.

"तू जा," ते म्हणाले. "अजून डोळे आहेत तोवर जा. बघून ये."

"आन आण? बिरोबाची आण घेतलीया मी. आन दुकानाचं काय?"

आतून गुरम्मा बाहेर आली. सात वर्षांत माझ्याशी सरळ बोलली नव्हती.

"खाका मारायला पेंटर कशाला लागतो?" ती म्हणाली. "सगळ्या खाक्यांना भोकं कोणी पाडली? मी पाडली. तीस वर्षं रात्रंदिवस सुई टोचली. पुरचुंडी पण आपटीन, ठिपके पण जोडीन. रुद्रप्पाला बाईच्या हातचं हरण नको असेल तर त्यानं नऊ फाटे स्वतः मोजावे. तू जा. तुझ्या भुकटीनं माझ्या चुलीचा रंग घालवलास."

मी गेलो. आण मोडली. रुद्रप्पा पुढं कित्येक वर्षं सोलापुरात सांगत होते, धनगराचा शब्द म्हणजे असा. सांगू दे. खोटं जनावर जन्मभर काढीन, असल्या शब्दाला मी किंमत देत नाही. बिरोबाचं मी बिरोबाशी बघून घेईन. पण आंधळ्या माणसाला मी 'बरहुकूम' म्हणालो, ते अजून माझ्या घशात अडकलंय. ते निघत नाही.

माढ्याच्या रानात आत्तीच्या कळपात जाऊन राहिलो. बरोबर कागद, शिसपेन्सिली आणि राग. काळविटांचा कळप रोज सकाळी ओढ्याच्या अंगानं यायचा. पहिल्या दिवशी कागद काढला आणि मान आली. मेंढ्याची. फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेंढ्याची. मी हात दगडावर आपटला.

"हाताला कशाला मारतोस?" आत्ती म्हणाली. "हात काय करंल? तू बघतच न्हाईस. कागदाकडं बघतोस."

"बघतोय की!"

"मग सांग, म्होरं कोण चाललंय?"

"नर."

"मादी! म्हातारी मादी हाय म्होरं. नर मागनं चाललाय तंगड्या वढत. बघतोय म्हणं."

आठ दिवस कागद बांधून ठेवला. नुसता बघत राहिलो. उन्हात डोकं फुटायची वेळ आली. आत्ती येता-जाता टोमणे मारायची, बरोबरच्या बाया म्हणायच्या, पोराला शहरात कायतरी लागलंय. मी बघत होतो. उनानं विटलेली पाठ बघितली, कंबरेशी तांबूस, खांद्याशी अजून काळी. डोळ्याचं पांढरं कडं बघितलं, आणि मला रडू आलं, कारण ते एवढं ढळढळीत होतं आणि मी ते विसरलो होतो. शिंगं पाठीला टेकलेली बघितली. माणसाची चाहूल लागली की नाकाच्या आधी कान फिरतो, आणि दोन्ही कान एकदम फिरत नाहीत, हेही बघितलं. एक तुमच्याकडं असतो, एक कळपाकडं.

नवव्या दिवशी बांधलेला कागद सोडला. मान काढायला गेलो नाही. शिंगं काढायला गेलो नाही. चाहूल घेणारा एक कान काढला. एकच. पानासारखा, आतून केसाळ, कडेला काळसर, माझ्याकडं वळलेला. त्याला अख्खी सकाळ लागली.

आत्ती मेंढरं फिरवून आली. मागं उभी राहिली, चाती फिरवत. मी फाडायच्या तयारीनं कागदाची कड धरली होती.

"कान हाय," ती म्हणाली. "काळविटाचा हाय." आणि मेंढरांमागं जाता जाता वळून ओरडली, "बाकीचं कुटं ऱ्हायलं?"

मी दुसरा कागद घेतला.